मिक्सरमागची खुर्ची



गाण्याच्या कार्यक्रमाला आपण जाता तेव्हा आपले तोंड स्टेजकडे असते. तिथे गायक असतो, ढोलकीवाला असतो, कोरसच्या मुली असतात. आपल्या पाठीमागे, मंडपाच्या मधोमध किंवा थोडे मागे, टेबलावर बटणांची एक पेटी ठेवून एक माणूस बसलेला असतो. त्याच्याकडे कोणी पाहत नाही. माईकने शिट्टी मारली की मात्र पाचशे माना एकदम मागे वळतात. त्या पाचशे माना मी चाळीस वर्षे पाहत आलो आहे.

त्या पेटीला मिक्सर म्हणतात. चटणी वाटायच्या मिक्सरशी तिचा काही संबंध नाही. पण आमच्या आईची शेवटपर्यंत तीच समजूत होती आणि ‘पोरगं मिक्सर चालवतं’ असे ती पाहुण्यांना मोठ्या कौतुकाने सांगत असे.

१९८४ साली मी दहावीला गणितात नापास झालो आणि मनमाडला मामांच्या दुकानात बसू लागलो. मामा दिवसा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आणि संध्याकाळी लाऊडस्पीकरवाले. दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली. तिच्यात दोन भोंगे, चार माईक, एक बॅटरी आणि आहुजा कंपनीचा एक ॲम्प्लिफायर. त्या ॲम्प्लिफायरच्या तोंडावर प्रत्येक माईकचे एक बटण आणि सगळ्यांना मिळून एक बेस, एक ट्रेबल. तोच आमचा मिक्सर. पुढे कितीही मोठे मिक्सर पाहिले तरी काम तेच राहिले. अनेक आवाज आत येतात, कोणाला किती जागा द्यायची ते कोणीतरी ठरवतो आणि एकच आवाज होऊन बाहेर पडतो.

मामांनी पहिल्या आठवड्यातच सांगितले होते, “गाणारा ऐकू येईना म्हणून लगेच त्याचं बटण वाढवायचं नाही. आधी बघायचं, त्याला झाकतंय कोण. त्याला खाली घ्यायचं.” मला बटणाशी बसवून ते स्वतः मंडपाच्या शेवटच्या बांबूपाशी म्हाताऱ्या बायांमध्ये जाऊन बसत. शब्द पोचत नसला की हात वर करीत. हात खाली येईपर्यंत मी घाम पुसत बटणे फिरवीत राहायचो.

शब्दाचा एवढा आग्रह का, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. आमच्या गाण्याची चाल सिनेमावरून घेतलेली असली तरी खपते, पण शब्द गेला तर गाणे गेले. वामनदादा कर्डक आमच्याच नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्याचे. त्यांची गाणी गावोगाव पोचली ती गाणाऱ्यांच्या तोंडून. ज्या बायांना अक्षर वाचता येत नव्हते, त्यांनी बाबासाहेब अशा गाण्यांतून ऐकले. मामा ज्यांच्या शेजारी जाऊन बसत त्या याच बाया.

पुढे ऑर्केस्ट्राचे दिवस आले. ढोलकी-पेटीच्या जोडीला कीबोर्ड आला, ऑक्टोपॅड आला, कोरस वाढला. चार बटणांत काही मावेना. १९९६ साली पत्नीची भिशी लागली. तिच्यात पतपेढीचे कर्ज घालून मी मुंबईला लॅमिंग्टन रोडवर गेलो आणि दिल्लीत तयार झालेला सोळा चॅनेलचा मिक्सर घेऊन आलो. येताना पंचवटी एक्स्प्रेसमध्ये मिक्सर सीटवर बसला आणि मी मनमाडपर्यंत उभा.

सोळा चॅनेलचा मिक्सर लांबून पाहिला की छाती दडपते. तीनशे बटणे दिसतात. पण जवळ जाऊन पाहावे तर एकच उभी पट्टी सोळा वेळा शेजारी शेजारी मांडलेली असते. एक समजली की सोळा समजल्या. पट्टीच्या अगदी वर गेनचे बटण. माईकमधून येणारी वीज व्होल्टच्या काही हजाराव्या भागाइतकी, म्हणजे जवळजवळ नाहीच. ती कामापुरती मोठी करायची ती इथे. कमी केली तर नुसती सरसर ऐकू येते, जास्त केली तर आवाज फाटतो. इथे फाटलेला आवाज पुढे कोणत्याही बटणाने शिवला जात नाही. नवीन पोरे सगळा वेळ खालच्या सरकपट्टीशी, म्हणजे फेडरशी, झटतात आणि चूक वर गेनमध्ये असते.

गेनच्या खाली बेस, मिडल, ट्रेबल. त्याखाली मॉनिटरची बटणे, आणि खरी भांडणे इथली. लोकांना काय ऐकू यावे ते एक आणि स्टेजवरच्यांना काय ऐकू यावे ते दुसरे. गायकाला त्याच्या पायाशी ठेवलेल्या बॉक्समधून स्वतःचा आवाज हवा असतो, ढोलकीवाल्याला पेटी हवी असते, पेटीवाल्याला ढोलकी अजिबात नको असते. पंगतीत बसलेल्या प्रत्येकाचे ताट निराळे वाढायचे, असा तो प्रकार आहे. म्हणून मिक्सरमध्ये मॉनिटरची वाट फेडरच्या आधीच फुटते. मी लोकांसाठी फेडर खाली घेतला तरी गायकाच्या ताटातले कमी होत नाही.

हे सगळे मी आज सांगतो आहे. १९९७ साली यातले निम्मेसुद्धा कळत नव्हते. येवल्याच्या बाजूला एका गावात कार्यक्रम होता. नवा मिक्सर मिरवायचा म्हणून मी सोळाच्या सोळा चॅनेल भरले. कोरसला चार माईक, ढोलकीला दोन, खंजिरीला, टाळाला, निवेदकाला. सगळे माईक सगळा वेळ चालू. वर इकोचे मशीन नवीन होते, तेही मोकळे सोडले. त्या काळी इको जास्त म्हणजे साऊंड भारी, अशी समजूत होती. अजूनही पुष्कळ गावांत आहे.

मुख्य शाहीर सत्तरीच्या घरातले. त्यांना माईकचे डोके मुठीत धरून गायची सवय. आपला नेहमीचा गाण्याचा माईक समोरचा आवाज घेतो आणि मागचा सोडून देतो. ती करामत त्याच्या जाळीच्या मागच्या बाजूला ठेवलेल्या वाटांमुळे साधते. मुठीने त्या वाटा बुजल्या की तो चारी बाजूंचे ओढू लागतो. बॉक्समधला आवाज माईकमध्ये, माईकमधला पुन्हा बॉक्समध्ये, असा फेरा सुरू झाला की शिट्टी. त्यात माझे सोळा माईक उघडे. उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधी मिळणारी वाढ तीन डेसिबलने घटते, हे गणित मला ठाऊक नव्हते. गणितातच नापास झालेला माणूस!

पहिले गाणे शिट्टीत गेले, दुसरे इकोत बुडाले. तिसऱ्या गाण्यात शाहीर मध्येच थांबले आणि माईकवरच म्हणाले, “पोरा, लोक मला ऐकायला आलेत का तुझ्या मशीनला?” हसू पिकले. त्यांनी माईक पेटीवर ठेवला, स्टेजच्या कडेला येऊन उभे राहिले आणि नुसत्या ढोलकीवर, उघड्या गळ्याने गाऊ लागले. सगळा मंडप चिडीचूप झाला. मी सगळे फेडर खाली ओढले आणि मान घालून बसलो. शेवटच्या बांबूपाशी मामा होते. त्यांनी हात वर केला नाही.

परत येताना टेम्पोत मामा बराच वेळ बोलले नाहीत. अंकाई मागे पडल्यावर म्हणाले, “शाहीर गात होते तेव्हा माईक किती चालू पाहिजे होते?”

मी मोजले. शाहिरांचा एक, ढोलकीचा एक, पेटीचा एक. “तीन,” म्हणालो.

“मग तेरा कशाला उघडे ठेवले?”

यावर काय बोलणार! दुसऱ्या दिवसापासून मी एक वही केली. कार्यक्रमाआधी गायक मंडळींजवळ बसायचे, कोणते गाणे कितवे, कोरस कुठे उचलतो, खंजिरी कुठे येते ते लिहून घ्यायचे. कोरसची वेळ झाली की त्यांचे फेडर वर, ओळ संपली की खाली. इको दोन ओळींच्या मधल्या रिकाम्या जागेपुरता. म्हणजे मिक्सरवर बसणाऱ्याला गाणे पाठ पाहिजे. असे अर्धे तरी गाणारे होऊन जावे लागते, फक्त तोंड बंद ठेवून.

ही अडचण आमच्याच गावची होती असे मात्र नाही. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये १५ ऑगस्ट १९६५ रोजी बीटल्स या इंग्लंडच्या जगप्रसिद्ध मंडळींचा कार्यक्रम झाला. पंचावन्न हजारांवर लोक. वाद्यांसाठी शंभर-शंभर वॅटचे ॲम्प्लिफायर आणि गाण्यासाठी स्टेडियमचे घोषणा द्यायचे स्पीकर. लोकांच्या किंकाळ्यांत गाणाऱ्यांना स्वतःचेच गाणे ऐकू येत नव्हते. पायाशी मॉनिटर नाही, मिक्सरवर त्यांचे ताट वाढणारा माणूस नाही. हे वाचले तेव्हा मला त्या शाहिरांची आठवण झाली आणि थोडे बरेही वाटले. साऊंडक्राफ्ट या इंग्लंडच्या कंपनीने गाडीत घालून गावोगाव नेता येईल असा, प्रवासी पेटीतच बसवलेला मिक्सर काढला तो १९७३ साली. ही विद्या तशी फार जुनी नाही.

२००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. राहत्या वस्तीत दिवसा पंचावन्न आणि रात्री पंचेचाळीस डेसिबलची मर्यादा. वर्षातले ठरावीक दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकते, तेवढीच. आमच्या धंद्यातले पुष्कळजण या नियमांना शिव्या घालतात. मी घालत नाही. मिरवणुकीत ट्रकवर बॉक्सची भिंत रचून पाळण्यातल्या पोराची छाती हादरवायची, याला मी साऊंड म्हणत नाही. तिथे मिक्सरची गरजच नसते, एकच बटण पुरते. माझे हे बोलणे आमच्याच वस्तीतल्या तरुणांना आवडत नाही, ठाऊक आहे मला.

आता मुलीबद्दल. तिने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि २०१७ साली हट्टाने डिजिटल मिक्सर घ्यायला लावला. बेहरिंगर कंपनीचा एक्स-३२. बत्तीस माईक लागतात. मनगटाएवढी जाड स्नेक केबल आम्ही दोघे-तिघे मिळून ओढायचो. तिच्या जागी इंटरनेटची असते तसली बारीक वायर आली. फेडरला मोटारी आहेत. एक बटण दाबले की सगळे फेडर आपोआप सरकून कालच्या जागेवर जाऊन बसतात. पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, भुताने पेटी वाजवावी तसे.

मला तो मिक्सर मनापासून पटला नाही. जुन्यावर सगळे डोळ्यांसमोर असायचे. अंधारातसुद्धा हात बरोबर ढोलकीवर जायचा. याच्यात एकाखाली एक पाने. आत्ता जो फेडर पेटीचा, तोच पान बदलले की कोरसचा. तरी मी शिकलो. खुर्ची सोडली नाही.

२०१९ च्या जयंतीला एका वस्तीत कार्यक्रम होता. गाणे रंगले होते. एक म्हातारी काठी टेकत टेबलापर्यंत आली आणि म्हणाली, “ए बाबा, आवाज लई कापतोय रे. कानात सुई घातल्यावानी होतंय.” मी हसून मान डोलावली आणि काही केले नाही. माझ्या कानाला तर आवाज उलट मऊच लागत होता. मुलगी शेजारी उभी होती. ती गुपचूप पुढे झाली आणि तिने दोन बटणे फिरवली. म्हातारी परत जाऊन बसली.

रात्री सामान भरताना मी मुलीवर ओरडलो. चालू कार्यक्रमात माझ्या हाताला हात लावायचा नाही म्हणालो. ती म्हणाली, “पप्पा, रागावू नका. दोन वर्षांपासून बघतेय. तुम्ही वरचे सूर वाढवतच चाललाय.” मग तिने साठवून ठेवलेले जुने प्रोग्राम एकेक उघडून दाखवले. २०१७ मध्ये गायकाची ट्रेबल थोडीशी वर. २०१८ मध्ये आणखी. २०१९ मध्ये डोंगर. यंत्र काही बोलत नाही, पण विसरतही नाही.

नाशिकला एका दवाखान्यात कान तपासले. काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावतात. सूर ऐकू आला की बटण दाबायचे. बराच वेळ काहीच वाजत नव्हते म्हणून मी डॉक्टरांना विचारले, “सुरू झालं का?” ते म्हणाले, “सुरूच आहे.”

आलेख काढला तर चार हजार हर्ट्झपाशी रेघ विहिरीत उतरावी तशी खाली गेलेली. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांचा कान बहुधा तिथेच आधी जातो. आपल्या बोलण्यातले स, श, च, ट यांचा धारदार भाग याच वरच्या पट्ट्यांत असतो. अमेरिकेतील निऑश या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेने १९९८ साली जे प्रमाण मांडले, त्यात पंच्याऐंशी डेसिबल आवाज दिवसाला आठ तास चालतो. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. शंभर डेसिबलला पंधरा मिनिटे. मी शंभरच्या आसपास किती रात्री बसलो त्याचा हिशेब करायला गेलो आणि सोडून दिला. कानाच्या आतल्या ज्या बारीक पेशी मरतात त्या पुन्हा उगवत नाहीत, औषध नाही, असे डॉक्टरांनी सांगितले.

मग घरातल्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा झाला. पत्नी सहाला या म्हणायची आणि मी दहाला यायचो. तिला वाटे मी टाळतो. आणि मंडपात? माझ्या कानात जे कमी होत गेले ते मी लोकांच्या कानात भरत राहिलो. शब्द स्वच्छ यावेत म्हणूनच वाढवीत होतो, आणि म्हाताऱ्या बायांना सुया टोचत होत्या.

२०२० आणि २०२१ मध्ये करोनाने कार्यक्रम बंद पडले. मिक्सरवर चादर होती. मुलगी रोज ती काढून घरातल्या घरात जुन्या रेकॉर्डिंगवर हात बसवी. २०२२ ला कार्यक्रम सुरू झाले तेव्हा मी तिला म्हणालो, “बस तू.” हे दोन शब्द बोलायला मला दोन वर्षे लागली.

लोकांना पचायला तेवढीही सवड नव्हती. पहिल्याच कार्यक्रमात मंडळाचे एक पदाधिकारी आले, तिच्या डोक्यावरून इकडे तिकडे पाहिले आणि मला विचारले, “ऑपरेटर कुठंय?” ती म्हणाली, “मीच आहे, काका. बोला.” रात्रीच्या कामाला पोरगी कशाला, असे दोघा-तिघांनी मला बाजूला घेऊन सांगितले. बाबासाहेबांच्या फोटोला हार घालून आलेलेच होते सगळे. मी त्यांना चहा पाजला आणि विषय बदलला. तेव्हा तोंडावर बोलायला हवे होते, असे आता वाटते.

ती काम माझ्यापेक्षा वेगळे करते. गायकाच्या चॅनेलची खालची घरघर आधीच कापून टाकते. ढोलकीच्या धुमाचा जोर गायकाच्या आवाजावर येत असेल तर ढोलकीतला तेवढाच भाग काढते, अख्खी ढोलकी खाली घेत नाही. पडद्यावर सगळे सूर लहानमोठ्या काड्यांसारखे नाचताना दिसतात, त्यांवर तिची नजर असते, पण ती जास्त वेळ स्टेजकडेच पाहते. आणि कार्यक्रमाआधी स्वतः स्टेजवर जाऊन गायकाला म्हणते, “दादा, माईक इथं धरा, दांड्याला. मग मी तुमचा आवाज पाहिजे तेवढा देते.” पंचवीस वर्षांपूर्वी मी त्या शाहिरांना एवढे सांगितले असते तर! पण मोठ्या माणसाला सांगायची हिंमत नव्हती माझी.

कानात घालायचे बोळेही तिने दोघांसाठी आणले. मी आधी म्हणालो, आता कशाला? ती म्हणाली, “उरलंय ते राहू द्या की.” आता घालतो.

यंदाच्या जयंतीला वंदना झाली, पहिले गाणे सुरू झाले आणि मी मंडपाच्या शेवटच्या बांबूपाशी जाऊन बसलो. मामा बसायचे तिथे. शब्द पोचला नाही तर हात वर करायचा, असे आम्ही ठरवले होते. पण माझ्या कानावर आता मला भरवसा नाही. म्हणून शेजारच्या आजींना विचारले, “आजी, शब्द येतात का नीट?”

“येत्यात की,” त्या म्हणाल्या. “तू गप बस, ऐकू दे.”

मी हात मांडीवरच ठेवला.

कार्यक्रम पावणेदहाला संपला. मंडप रिकामा झाला, सतरंज्या उचलल्या. मुलीने फेडर खाली घेतले, मिक्सर बंद केला, त्यावर चादर टाकली आणि माईकच्या वायरी माझ्याकडे सरकवल्या. एक वेढा सरळ, एक उलटा, म्हणजे वायरीला पीळ पडत नाही आणि पुढच्या वेळी फेकली की सरळ उलगडते. ते काम अजून माझ्याकडे आहे. त्या रात्री अठ्ठावीस वायरी भरल्या.